न विरघळणारे औषध

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात क्ष-किरण विभागाच्या मानद तज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अशा मेळाव्यात आमच्या विभागाने बोलायचे, तर एखाद्या नव्या यंत्राविषयी बोलावे, असा एक अलिखित संकेत आहे. यंत्र दाखवता येते, त्याच्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. मी आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिच्यावर पाटी लावण्याची सोय नाही. ती पांढरी भुकटी आहे, पाण्यात कालवून रुग्णाला पाजली जाते आणि दोन-तीन दिवसांत जशीच्या तशी शरीराबाहेर पडते. तिचे नाव बेरियम सल्फेट. अहवालाच्या शेवटच्या पानांवर, खर्चाच्या तपशिलात, तिला एक ओळ मिळते; ती ओळही बहुधा कोणी वाचत नाही.

यंदा मात्र ती वाचली गेली. विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीत प्रश्न निघाला, की सीटी स्कॅन आले, दुर्बिणीने पोट आतून पाहण्याची सोय झाली, बेरियमच्या तपासण्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. मग ते जुने स्क्रीनिंगचे यंत्र आणि ही भुकटी आपण अजून का बाळगून आहोत? प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही. तेव्हा अध्यक्षांनी हसून सांगितले, की मेळाव्यात सविस्तर सांगा. म्हणून हे व्याख्यान.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. बेरियम हा धातू. त्याचे नावच मुळी 'जड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये त्याचे अस्तित्व ओळखले आणि हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने तो धातुरूपात वेगळा केला. मात्र निसर्गात हा धातू मोकळा सापडत नाही. तो मुख्यतः गंधकाम्लाच्या क्षाराच्या रूपात, म्हणजे सल्फेटच्या रूपात, खडकांत आढळतो. त्या खनिजाला बॅराइट म्हणतात. हाताला दगड जेवढा वाटावा त्याहून तो पुष्कळ जड लागतो. पाण्याच्या सुमारे साडेचार पट त्याची घनता असते. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील पूर्वीच्या कडप्पा जिल्ह्यात मंगमपेट येथे या खनिजाचा जगातील अत्यंत मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे. जगात निघणाऱ्या बॅराइटचा फार मोठा भाग तेलविहिरी खणताना वापरल्या जाणाऱ्या चिखलात मिसळला जातो. तो चिखल जड असला म्हणजे खोल भूगर्भातील वायूचा आणि तेलाचा दाब त्याला रोखून धरता येतो. रंगांत, कागदावरील लेपांत, रबरात, गाडीच्या ब्रेकच्या अस्तरातही ते असते. आपल्याकडे औषध म्हणून येतो तो या डोंगराएवढ्या व्यापारातला चिमूटभर, पण अत्यंत शुद्ध केलेला अंश.

शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने बेरियम सल्फेट एकदा तरी पाहिलेले असते. परीक्षानळीतील द्रावणात सल्फेट आहे की नाही हे तपासण्यासाठी गुरुजी बेरियम क्लोराइडचे काही थेंब टाकायला सांगत, आणि नळीत दुधासारखा पांढरा अवक्षेप तयार होई. नंतर त्यात आम्ल घातले तरी तो विरघळत नसे. तो अवक्षेप म्हणजेच बेरियम सल्फेट. 'आम्लातही अविद्राव्य' असे आपण त्या वेळी प्रयोगवहीत लिहिले आणि विसरलो. आमच्या विभागाचे सारे काम त्या दोन शब्दांवर उभे आहे. एक लिटर पाण्यात हा क्षार जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो. जठरातील तीव्र आम्लाचेही त्याच्यापुढे काही चालत नाही.

आता क्ष-किरणांचे पाहू. हाडे फोटोत पांढरी दिसतात, कारण त्यांतील कॅल्शियम किरणांना अडवते. अन्ननलिका, जठर, आतडी ही मात्र स्नायूंची आणि पाण्याची बनलेली. आजूबाजूचे अवयवही तसेच. एकाच रंगाच्या भिंतीवर त्याच रंगाने चित्र काढावे तसा तो प्रकार होतो. अणुक्रमांक जितका मोठा, तितके किरण अडवण्याचे सामर्थ्य वाढत जाते, आणि तेही सरळ प्रमाणात नव्हे, तर साधारण घनाच्या प्रमाणात. प्राणवायूचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०, बेरियमचा ५६. शिवाय तपासणीसाठी आम्ही ज्या ऊर्जेचे किरण वापरतो, त्याच पट्ट्यात बेरियमचा अणू ते विशेष जोमाने शोषून घेतो. म्हणून बेरियम प्यायलेल्या रुग्णाच्या पोटातील पोकळी पडद्यावर खडूने रेखाटल्यासारखी उमटते. पोकळीला कोठे आत दाबले आहे, कोठे भिंतीला खड्डा पडला आहे, वाट कोठे अरुंद झाली आहे, हे दिसते. आणि पडद्यावर ते चालत्या स्थितीत दिसते. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. बैठकीतील प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

या क्षाराचा आणि प्रकाशाचा संबंध फार जुना आहे. इटलीतील बोलोन्या शहरात सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी व्हिन्चेन्झो कॅशारोलो नावाचा एक चांभार राहत असे. त्याला किमयेचा नाद होता. जवळच्या टेकडीवर सापडलेले जड दगड पाहून त्याला वाटले, यात सोने-रुपे असणार. त्याने ते कोळशाबरोबर भट्टीत भाजले. सोने मिळाले नाही, पण भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधाऱ्या खोलीत आणला की तो निखाऱ्यासारखा चमकू लागे. युरोपातील विद्वानांनी पुढे कित्येक वर्षे त्या दगडावर ग्रंथ लिहिले. तो दगड बॅराइट होता. कोळशाच्या आचेत त्यातील प्राणवायू निघून जाऊन बेरियम सल्फाइड बनले होते. 'सल्फेट'चे 'सल्फाइड' झाले. एका प्रत्ययाचा फरक. तो आपण लक्षात ठेवू, कारण पुढे या फरकाशी आपल्याला फार गंभीर कारणाने गाठ घालायची आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना अंधाऱ्या प्रयोगशाळेत जो पडदा अकस्मात चमकताना दिसला, त्याच्यावरही बेरियमच्याच एका क्षाराचा, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा, लेप होता. म्हणजे क्ष-किरण प्रथम माणसाच्या नजरेस पडले ते बेरियममुळे. या योगायोगाचे मला आजही नवल वाटते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी अन्न घशाखाली उतरताना पाहण्याच्या उद्योगाला लागला. त्यासाठी त्याने लांब मानेचा हंस निवडला आणि त्याच्या खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला. नंतर मांजरांच्या जठराचे आकुंचन-प्रसरण पाहताना त्याच्या ध्यानात आले, की मांजर चिडले किंवा घाबरले की जठराची हालचाल थांबते. भीती आणि क्रोध यांचा शरीरावर काय परिणाम होतो, या त्याच्या पुढील कीर्तीला कारण ठरलेल्या अभ्यासाचे बीज तेथे आहे. परंतु बिस्मथ महाग होते, आणि त्याच्या ज्या क्षाराचा वापर माणसांत होऊ लागला होता, त्याचे आतड्यात नायट्राइट बनून काही रुग्णांना विषबाधा झाली. १९१० मध्ये जर्मनीतील बाखेम आणि ग्युंथर या दोघांनी त्याऐवजी बेरियम सल्फेट वापरावे असे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून आजतागायत, शंभराहून अधिक वर्षे, हा क्षार आपल्या जागेवर आहे. औषधांच्या दुनियेत इतके दीर्घायुष्य फार थोड्यांना लाभते.

आता मी त्या गंभीर भागाकडे येतो.

बेरियम हे विष आहे. हे वाक्य ऐकून नातेवाईकांनी दचकू नये. मी पूर्ण सांगतो. बेरियमचे जे क्षार पाण्यात किंवा जठरातील आम्लात विरघळतात, ते रक्तात जातात आणि पेशींमधील पोटॅशियमच्या वाटा बुजवतात. रक्तातील पोटॅशियम झपाट्याने उतरते. आधी उलट्या-जुलाब, मग हातपाय लुळे पडणे, श्वासाचे स्नायू थकणे, हृदयाचा ठेका बिघडणे, असा त्याचा क्रम असतो. काही ग्रॅम क्लोराइड माणसाचा जीव घेण्यास पुरेसे होते. आणि आम्ही रुग्णाला एका वेळी शंभर ग्रॅमहून अधिक बेरियम सल्फेट पाजतो! ते निर्धोक ठरते, याचे कारण एकच, ते विरघळत नाही. धातू तोच, अणू तोच. केवळ जोडीदार कोण आहे त्यावर सारे अवलंबून. कार्बोनेट पाण्यात फारसे विरघळत नाही, पण जठरातील आम्ल त्याला फोडते आणि बेरियम मोकळे होते. पूर्वी ते उंदीर मारण्यासाठी वापरीत. सल्फाइड केस काढण्याच्या काही पावडरींत असते, आणि ती पोटात गेल्याने झालेल्या विषबाधा आपल्या देशातील डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. चीनच्या सिचुआन प्रांतात एकेकाळी लोकांना अचानक लुळेपणा येई. १९४०च्या दशकात शोध घेता जेवणातल्या मिठात बेरियम क्लोराइड आढळले. दिवाळीतील हिरवा उजेड बेरियम नायट्रेटचा. फटाक्यांतील बेरियम क्षारांच्या वापराला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली, त्याचे कारण धुरातून पसरणारे हे क्षार.

येथे मला माझ्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सांगायचा आहे. तो मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही.

१९८३ चा पावसाळा. मी एका तालुक्याच्या गावातील लहानशा रुग्णालयात नुकताच रुजू झालो होतो. बेरियमचा साठा संपत आला, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या माणसाजवळ मी एक चिठ्ठी दिली. 'बेरियम, ५ किलो' एवढेच तीत लिहिले. त्या वेळी ते वावगे वाटले नाही, कारण विभागात सगळेच त्याला नुसते बेरियम म्हणत. दोन दिवसांनी खाकी कागदाची पिशवी आली. तिच्यावर पेन्सिलीने तोच एक शब्द लिहिलेला, 'बेरियम'.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी बाई तपासणीसाठी आल्या. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नपाणी नाही, पहाटेच्या एस.टी.ने भिजत आलेल्या. मी पेला कालवून घेतला. तेवढ्यात आमचे वयस्कर तंत्रज्ञ, ज्यांना सारे काका म्हणत, पिशवीत बोट घालून म्हणाले, "साहेब, याचा पोत निराळा लागतोय." मला घाई होती, बाहेर आणखी चार जण बसले होते. मी म्हणालो, "काका, कंपनी बदलली असेल." ते काही बोलले नाहीत. चिमूटभर भुकटी परीक्षानळीत घेऊन पलीकडच्या रक्त-लघवी तपासणीच्या खोलीत गेले, आणि तेथील पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब तीत टाकून नळी तशीच माझ्यापुढे धरली. ती फसफसत होती. लिंबूसरबतात सोडा टाकावा तशी.

सल्फेट आम्लात फसफसत नाही. फसफसते ते कार्बोनेट. पेला माझ्या हातात होता.

काकांनी तो माझ्या हातून काढून घेतला, पिशवीचे तोंड सुतळीने बांधले आणि ती कुलुपात ठेवली. बाईंना मी सांगितले, की आज यंत्र बिघडले आहे, पुढच्या आठवड्यात या. त्या साहजिकच रागावल्या. "दिसभर उपाशी ठिवलं आन् आता जा म्हनता," असे म्हणून, मावशींनी दिलेला चहा पिऊन, निघून गेल्या. आठ दिवसांनी त्यांची तपासणी झाली. यंत्र बिघडले नव्हते, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले नाही. त्या दुकानदाराला मी त्या काळी पुष्कळ दोष दिला. पण चिठ्ठी माझी होती.

पुढे अभ्यास करताना जुन्या औषधकोशांतून मला एक सूचना आढळली, की बेरियम सल्फेटचे नाव चिठ्ठीवर नेहमी पूर्ण लिहावे, कारण अर्धवट नावामुळे विषारी क्षारांशी घोटाळा होतो. माझ्या आधी किती चिठ्ठ्या चुकल्या असतील, तेव्हा ती सूचना छापली गेली असेल! औषधकोशात या क्षाराच्या शुद्धतेची जी कसोटी आहे, ती काकांच्या कसोटीचीच अधिक काटेकोर आवृत्ती म्हणता येईल. नमुना आम्लाबरोबर उकळतात, गाळतात आणि गाळून आलेल्या पाण्यात गंधकाम्ल टाकतात. पाणी गढूळ झाले, तर त्यात विरघळलेले बेरियम आहे असे ठरते आणि तो माल औषध म्हणून चालत नाही.

हे सारे जुन्या काळचे, असे कोणी म्हणेल. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये क्ष-किरण तपासणीसाठी तयार मिळणाऱ्या बेरियमच्या औषधात कार्बोनेटची भेसळ निघाली आणि ते प्यायलेले कित्येक रुग्ण दगावले. ती माणसे तपासणीसाठी आली होती. त्यांतील अनेकांना फार मोठा आजारही नसावा. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातील ही घटना आहे. त्या बातमीनंतर मी आपल्या विभागात जो नियम केला, तो आजही पाळला जातो. औषध म्हणून परवाना असलेल्या उत्पादकाचे, उत्पादन-क्रमांक छापलेले, मोहोरबंद पुडकेच घ्यायचे. मागणीपत्रावर 'बेरियम सल्फेट, क्ष-किरण तपासणीसाठी' असे पूर्ण लिहायचे. पुडके रुग्णासमोर फोडायचे आणि त्याचा क्रमांक रुग्णाच्या कागदावर उतरवायचा. सुट्या मालात थोडे पैसे वाचतात हे खरे. खरेदी समितीने तो विषय दोनदा काढला आणि मी दोन्ही वेळा नकार दिला. आज कारण सांगून टाकले.

एक गोष्ट जाता जाता. विरघळणारे बेरियम कोणाच्या पोटात गेलेच, तर रुग्णालयात पोटॅशियम शिरेतून देतात आणि पोटात सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेट देतात. जठरातच विषाचे बेरियम सल्फेट बनते. शाळेतला तोच पांढरा अवक्षेप, पण या वेळी माणसाच्या पोटात आणि त्याचा जीव वाचवणारा. अर्थात हा घरी करण्याचा उपचार नव्हे. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता मूळ प्रश्न. बेरियमची तपासणी आज कशासाठी?

प्रामाणिकपणे सांगायचे, तर पुष्कळ गोष्टींसाठी ती आता लागत नाही. जठरातील व्रण शोधण्यासाठी पूर्वी आम्ही दिवसाला दहा-दहा बेरियम मील करीत असू. आता दुर्बिणीतून व्रण प्रत्यक्ष दिसतो आणि तुकडाही काढता येतो. तेथे बेरियमचा आग्रह धरणे हा हट्ट ठरेल. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी बेरियम एनिमाची जागा कोलोनोस्कोपीने आणि सीटीने घेतली, तेही योग्यच झाले. लहान मुलाचे आतडे आतड्यात शिरले, तर पूर्वी बेरियमच्या दाबाने ते मागे सारून शस्त्रक्रिया टाळता येई; आता तेच काम सोनोग्राफीवर पाहत सलाइनने किंवा हवेने होते आणि बाळाला किरणही लागत नाहीत. यांपैकी कशाचेही मला दुःख नाही.

परंतु दुर्बीण आणि सीटी यांना एक गोष्ट सहजी दिसत नाही, ती म्हणजे गिळण्याची क्रिया. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला नातेवाईक मायेने पाणी पाजतात, चमच्याने वरण भरवतात, आणि आठ दिवसांनी त्याला न्यूमोनिया होतो. अन्नाचा घास, पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरत असतो, आणि कित्येकदा रुग्णाला ठसकासुद्धा लागत नाही. घशातला हा सारा व्यवहार सेकंदाभराचा असतो. आम्ही थोडे बेरियम पाण्यात, दह्यात, पेजेत आणि बिस्किटाच्या चुऱ्यात मिसळून एकेक चमचा देतो आणि पडद्यावर त्याचा प्रवास चित्रित करतो. पाणी श्वासनलिकेत जाते पण दाट पेज नीट उतरते, असे कित्येकदा दिसते. मान थोडी खाली घेऊन गिळले तर पाणीही उतरते, असेही दिसते. मग त्या आजोबांना नळीने अन्न द्यायचे की सुनेच्या हातची पेज, हे त्या दहा मिनिटांत ठरते. या सभागृहात अशी दोन कुटुंबे बसलेली आहेत. त्यांना मी काय म्हणतो ते पुरते कळेल.

अन्ननलिकेचे खालचे टोक उघडत नाही अशा विकारातही तसेच. अन्न वर तुंबते आणि फोटोत अन्ननलिकेचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. ठरावीक बेरियम पाजून पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला फोटो घेतले, की ते किती उंचीपर्यंत साचून राहिले ते मोजता येते. उपचारानंतर पुन्हा मोजले, की गुण आला की नाही ते आकड्यात सांगता येते.

आणि आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात, तेथे तो विशेष करून बसतो. तेथील भाग आक्रसून वर ओढला जातो आणि लहान आतड्याचे टोक दोऱ्यासारखे बारीक होते. निदान पक्के करण्यास तुकडा लागतो, सीटीही पुष्कळ सांगते. पण अन्न नेमके कोठे अडते, किती वेळ अडते, वाट अरुंद आहे ती एकाच ठिकाणी की चार ठिकाणी, हे बेरियम त्या वाटेने जाताना पाहिले म्हणजे शल्यचिकित्सकाला निर्णय घेणे सोपे जाते. शिवाय खर्चाचा विचार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने करू नये, तर कोणी करावा?

तेव्हा माझे उत्तर असे, की तपासण्या कमी होतील आणि होऊ द्याव्यात. पण स्क्रीनिंगची खोली बंद करू नये. तिचे यंत्र जुने झाले आहे आणि नव्या यंत्रात तेच चित्र कमी किरणांत मिळते, हा मुद्दा मात्र माझ्याही मनात आहे. बेरियम एनिमाला साधारण ८ मिलिसिव्हर्ट इतका किरणांचा मात्रांश पडतो आणि छातीच्या एका साध्या फोटोला त्याचा काही शेकड्यांतला एक भाग. म्हणून ही तपासणी उगाच कोणाची करायची नसते, आणि स्त्री-रुग्ण गर्भवती असण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगायलाच हवे.

बेरियम सल्फेट आपल्या रुग्णालयात क्ष-किरण विभागाबाहेरही आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या गॉजच्या पट्टीत एक रंगीत धागा विणलेला असतो. त्यात हे मिसळलेले असते. मोजणीत एखादी पट्टी कमी भरली, तर फोटोत तो धागा दिसतो आणि पट्टी पोटात राहिली का ते कळते. नाकातून घालायच्या नळीवरची रेघ, गुडघ्याचा सांधा बसवताना वापरायचे हाडांचे सिमेंट, यांतही ते असते. ज्यांनी शस्त्रक्रियागृहासाठी साहित्य दिले, त्यांनी नकळत बेरियमही दिले आहे.

नातेवाईकांसाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. तपासणीआधी सहा ते आठ तास रुग्णाच्या पोटात काही नको. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर वेळ ठरवतानाच सांगावे. हे औषध चवीला खडूच्या पाण्यासारखे लागते. एका आजोबांनी पेला संपवून मला सुनावले होते, "डॉक्टर, पैसे भरून चुना लावून घेणारा मीच पहिला!" त्यांना मी सांगितले, की चुना नाही, आणि लावलाही नाही, पाजला आहे. पुढील दोन-तीन दिवस शौचास पांढरी होते, त्याने घाबरू नये. भरपूर पाणी प्यावे, नाहीतर ते आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ होते. हा क्षार किरणोत्सारी नाही. तपासणीनंतर पोटात किरण शिल्लक राहत नाहीत. आई बाळाला अंगावर पाजू शकते, आजोबा नातवाला मांडीवर घेऊ शकतात. हा प्रश्न संकोचाने, दाराशी उभे राहून, मला नेहमी विचारला जातो.

मात्र पोटात आतडे फुटल्याची शंका असेल, तर बेरियम देता येत नाही. न विरघळण्याचा जो गुण आतड्याच्या आत उपकारक, तोच बाहेर उदरपोकळीत घातक ठरतो. तेथे ते साफ होत नाही आणि तीव्र दाह होतो. अशा वेळी आयोडीनचे विरघळणारे औषध वापरतात. म्हणून अलीकडे पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, दुर्बिणीने तुकडा काढला असेल, तर तो कागद बरोबर आणावा. कागद घरी राहिला असेल, तर निदान तोंडी सांगावे. आमचे तंत्रज्ञ विचारतीलच, पण त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. आणि पुडके आपल्यासमोर फोडले जात आहे ना, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. कोणी तसे विचारले, तर आमच्या विभागात कोणालाही राग येत नाही.

चहापानानंतर स्क्रीनिंगची खोली पाहण्यासाठी उघडी ठेवली आहे. आम्लाची एक नळीही तेथे ठेवली आहे. ज्यांना काकांचा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी आमच्या भुकटीची चिमूट मी स्वतः देईन.